तीन ठिपके, तीन रेघा आणि दोन बांगडे

श्रावणातल्या सोमवारी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, कोरगावच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष कृष्णनाथ परब मांद्र्यात कमलबायच्या घरगुती खाणावळीच्या मागच्या पडवीत, माडांकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बसले होते. समोर ताट होतं. ताटात उकड्या तांदळाचा भात, सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, लालभडक हुमण आणि तव्यावरून थेट उतरलेला एक बांगडा. दुसरा अजून तव्यावर चुरचुरत होता.

आता कृष्णनाथांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. जून-जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी. ती उठली, होड्या दर्यात गेल्या, बाजारात ताजं नुस्तं, म्हणजे मासळी, दिसायला लागलं, आणि चारच दिवसांत श्रावण लागला. देव आणि सरकार या दोघांनी संगनमत करून एका सत्तरीच्या माणसाला किती छळावं, याला काही मर्यादा? म्हणून सप्ताहासाठी कापूर आणायला पेडण्याला जातो असं बायकोला सांगून त्यांनी स्कूटर मांद्र्याकडे वळवली होती.

पण दिवस भलता होता. त्याच संध्याकाळी देवळात भजनी सप्ताह बसायचा होता आणि समई लावण्याचा मान कृष्णनाथांचा होता. समई लावणाऱ्यानं दिवसभर उपास करायचा आणि श्रावणभर माशाला शिवायचं नाही, हा गावचा नेम. हा नेम कृष्णनाथांइतका कडक पाळून घेणारा अध्यक्ष आजवर झाला नव्हता. गेल्या वर्षी मान बाबुरावांचा होता. ते समईकडे वाकले, तेव्हा कृष्णनाथांना त्यांच्या हाताला सुक्या सुंगटांच्या किसमुरीचा वास आला. त्यांनी तो बाबुरावांच्या कानात सांगितला नाही. माईकवर सांगितला. बाबुराव बिचारे चार महिने देवळाच्या मागच्या वाटेनं ये-जा करत होते.

तर असे हे कृष्णनाथ पहिल्या बांगड्याची पाठ सोडवत होते, एवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती. जेवताना फोन घेतला तर कमलबायच्या तव्याचा आवाज पलीकडे जायचा. त्यांनी तेलकट अंगठ्यानं बाजूचं बटण दाबून फोन गप्प केला. झाला की नाही, याची खात्री वाटेना म्हणून आणखी दाबलं. बोट घसरलं, परत दाबलं. सगळं मिळून पाच-सहा वेळा दाबलं असेल. फोन गप्प झाला, आणि लगेच लाल होऊन थरथरायला लागला.

कृष्णनाथांच्या हातातला घास तिथेच राहिला. त्या थरथरीचा अर्थ अख्ख्या पेडणे तालुक्यात त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर बिनतारी संदेशाच्या खोलीत काढली होती. वास्कोहून बोटीवर चढायचे ते दहा महिन्यांनी उतरायचे. म्हणून तर या जूनमध्ये पंचायतीनं आपत्तीच्या वेळी काय करावं यावर त्यांचं व्याख्यान ठेवलं. पिकअप चालवणाऱ्या रुद्रेशनं पहिलाच प्रश्न विचारला होता, "नाथबाब, एसओएस म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' मां?"

"असं म्हणणाऱ्याला मी माझ्या खोलीत चहा देत नसे," कृष्णनाथ कडाडले. "एसओएसचा अर्थ काही नाही!"

"मगे तीच अक्षरां कित्याक घेतली?"

"अक्षरं घेतलीच नाहीत रे. ठोके घेतले. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. बोट बुडतेय, हात कापतोय, तरी वाजवता आला पाहिजे. वादळात, खरखरीतसुद्धा ऐकणाऱ्याला ओळखता आला पाहिजे. आधी सीक्यूडी असा वेगळाच संकेत होता. मग जर्मनांनी हे ठोके काढले, जगानं उचलले. अर्थ लोकांनी मागाहून चिकटवले. कुणी म्हणालं आत्मे वाचवा, कुणी म्हणालं जहाज वाचवा. मूल आधी जन्मतं, बारसं मागून!"

"आणि आता?"

"आता जहाजावरची ती खोली गेली, ठोकेही गेले. संकेत तेवढा मोबाइलच्या बटणात येऊन बसलाय. अर्थही बदलला. पूर्वी तो आला की समुद्रातली सगळी जहाजं वाट सोडून धावत. आता माणसं 'चुकून लागला असेल' म्हणून चहा पितात."

तसं कोरगावात होऊ नये म्हणून त्यांनी तीन नियम फळ्यावर लिहून सगळ्यांकडून पाठ करून घेतले. संकेत आला की हातातलं काम टाकून, किंवा ते हातात घेऊनच, धावायचं. संकटातला माणूस मागाहून 'मी बरा आहे' म्हणाला तर विश्वास ठेवायचा नाही, त्याच्याकडून कुणी वदवून घेत असेल. आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय परत फिरायचं नाही. मग मुलाकडून, ओंकारकडून, स्वतःच्या फोनमध्ये ही सोय बसवून घेतली. बटण पाचदा दाबलं की क्षणाक्षणाचं ठिकाण, दोन फोटो आणि पाच सेकंदांचा आवाज बायकोला, बाबुरावांना आणि रुद्रेशला जाणार होता. आणि आता तो संकेत गेला होता.

कृष्णनाथांनी गेलेले फोटो उघडले. एकात पडवीचं छप्पर होतं. दुसऱ्यात त्यांचा स्वतःचा चेहरा, डोळे तारवटलेले, आणि ओठापासून हनुवटीपर्यंत लाल ओघळ. हुमणाचा. मग त्यांनी आवाज ऐकला. तवा चरचरत होता आणि कमलबाय विचारत होती, "मुंडी उडवूं काय ठेवूं?"

त्यांनी घाईघाईनं बायकोला, देवकीबाईंना, फोन लावला. "अगो, मी बरो आसय! बटण चुकान दाबला."

पलीकडून देवकीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "व्हय, व्हय. ते सांगतत तसाच बोला. तेंका राग येयत असा काय बोला नकात."

"ते कोण? हय कोण नाय!"

"समाजला माका. किती जणां आसत? जितकी आसत तितक्यांदा खोका."

"अगो, खोकू कित्याक..." असं ते म्हणतात न म्हणतात तोच हुमणातली मिरची घशात आडवी गेली आणि त्यांना जो ठसका लागला, तो थांबेचना.

"आठ!" देवकीबाई किंचाळल्या. "रुद्रेशा, आठ जणां आसत रे!" आणि फोन बंद झाला.

कृष्णनाथांनी ताट तसंच टाकलं आणि स्कूटर काढली. वाटेतच गाठू, कापूर घ्यायला इथं आलो होतो म्हणू, असा विचार. शंभर पावलं गेले नाहीत तोच रुद्रेशचा संदेश आला, 'लोकेशन हलला. नाथबाबांका खंय तरी व्हरतत. पोलिसांक सांगतंय.' स्कूटर जागच्या जागी वळली. पोलिसांसमोर हनुवटी पुसत उभं राहण्यापेक्षा गावासमोर राहिलेलं बरं. परत येऊन ते निमूट बसले. 'थांबले,' रुद्रेशनं लिहिलं. 'आता पोलिसांक सांगूचंय नाय, आमीच घेरूया.'

"कमलबाय, ह्या ताट काढ गो पयलां!"

"मी काढूचंय नाय," कमलबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वाढलेला नुस्ता फेकला तर दर्या कोपता. जेवलेल्यानंच संपवन उठूचा. वाटल्यास झाकान ठेवा."

झाकायला हाताशी होती ती खिशातली सप्ताहाची पत्रिका. त्यांनी ती ताटावर पसरली. बघता बघता तेल वर चढलं, आणि 'अध्यक्ष : श्री. कृष्णनाथ परब' या अक्षरांच्या मागून बांगड्याचा डोळा स्वच्छ दिसायला लागला.

पिकअप आली ती केळीचे खांब आणि माणसं यांनी गच्च भरून. देऊळ सजवता सजवता निघालेले अकरा जण, सगळे सोवळ्यात, आणि पुढच्या सीटवर देवकीबाई. नियम पाळून प्रत्येकानं हातातलं काम बरोबर आणलं होतं. कुणाकडे टाळ, कुणाकडे नारळ सोलायचा कोयता, एकाच्या गळ्यात मृदंग. सगळ्यांच्या पुढे बाबुराव, आणि त्यांच्या हातात चिंचेनं अर्धी घासलेली पितळेची समई. ती उगारूनच ते पडवीत शिरले.

"नाथबाब! जिते आसात!" बाबुरावांनी समई ताटाशेजारी ठेवली आणि कृष्णनाथांना कडकडून मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांतून खरोखरीचं पाणी वाहत होतं. मग कृष्णनाथांचा उजवा हात त्यांच्या नाकापाशी आला. बाबुराव थांबले. एकदा हुंगलं. एकदा पत्रिकेकडे बघितलं.

आता बोलेल, असं कृष्णनाथांना वाटलं. बोल रे बाबा, हवं तर मृदंगावर थाप मारून बोल. पण बाबुराव मागे वळून इतरांना म्हणाले, "वास येता तो ह्या घराचो. मांद्र्यात वास येवचोच."

कृष्णनाथांना जमीन दुभंगलेली चालली असती.

"ती आठ जणां खंय गेली?" रुद्रेशनं कोयता परजत विचारलं. "आणि मुंडी कोणाची उडवत होते?"

"मुंडी? बांगड्याची," कमलबाय स्वयंपाकघरातून निरागसपणे म्हणाली. "पण नाथबाबांका मुंडी लागता. दर सोमवारी मी ठेवतंय मां."

"दर सोमवारी?" अकरा तोंडं एकदम म्हणाली.

मृदंगवाल्यानं पत्रिकेचं टोक उचललं, आत बघितलं आणि देवाचं दर्शन झाल्यासारखं परत ठेवलं. रुद्रेश म्हणाला, "नाथबाब, तुमी सांगल्यात ता खरा. अर्थ मागसून येता. एसओएस म्हणजे सोमवारी ओलां सुंगट!" सोवळी गदगदा हलायला लागली.

हसत नव्हत्या त्या फक्त देवकीबाई. पिकअपमधून उतरताना त्यांची एक चप्पल चिखलात राहिली होती, ती तशीच टाकून त्या आल्या होत्या. कृष्णनाथ त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "आज समई मी लावूचंय नाय. बाबुराव लावतले. गेल्या वर्सा मी... माईकवर..."

"समई कोणीय लावा," देवकीबाई म्हणाल्या. "तुमच्या वाट्याक वेगळा आसा. येताना मी गाडयेत गाराणा घातलां."

"कसला गाराणा?"

"बा देवा म्हाराजा, माज्या घोवाक जितो घराक हाड, आमी दोघां एक वर्स नुस्त्याक हात लावूचव नाय. अकरा जणांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलां."

"एक वर्स?" कृष्णनाथांचा आवाज चिरकला.

"नाय. बाबुराव म्हणाले, आठ जणां आसत, एका वर्सान देव आयकाचो नाय. म्हणान तीन केली."

कृष्णनाथांनी बाबुरावांकडे बघितलं. ते धोतराच्या सोग्यानं समई पुसत होते. चेहऱ्यावर भक्तिभावाशिवाय काही नव्हतं.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला साऱ्यांच्या साक्षीनं दिलेला शब्द, कागदावरची सही नव्हे, की खोडून टाकली. अकरा माणसांनी होकार दिलेलं गाऱ्हाणं मोडायची छाती या मुलखात अजून कुणाला झाली नव्हती. आणि मोडणाऱ्याला माईकवरून सांगणारा माणूस तर स्वतः कृष्णनाथच.

"कवासून?" त्यांनी क्षीणपणे विचारलं.

देवकीबाईंनी पत्रिका उचलून बाजूला केली. "वाढलेला टाकूचा नसता. ह्या ताट संपवन उठल्यात की तवासून."

तेवढ्यात कमलबायनं तव्यावरचा दुसरा बांगडाही ताटात आणून वाढला आणि दर्याचं नाव घेऊन आत गेली.

कृष्णनाथ जेवायला बसले. अकरा सोवळी भोवती कोंडाळं करून उभी. घास लाजेनं घशाखाली उतरत नव्हता, आणि तीन वर्षांच्या भीतीनं उठवतही नव्हतं. त्यांनी बांगड्याची एक बाजू सोडवली, मग दुसरी. कल्ल्याजवळचं बोटभर मांस नखानं काढलं. शेपटी चघळली. पाऊस येऊन गेला, मृदंगवाला खाली बसला, दोघं जण केळीचे खांब भिजतात म्हणून बघून आले.

"नाथबाब," अखेर रुद्रेश अदबीनं म्हणाला, "साडेतीन वाजले."

"काटे आसत रे," कृष्णनाथ मान वर न करता म्हणाले, आणि त्यांनी एका बारीक काट्याकडे पुन्हा नीट निरखून बघितलं.