लॉकपुढची रांग

डोळ्यांसमोर आणा पाहू एक होडी. लांबीला आगगाडीच्या डब्याएवढी, पण रुंदी इतकीच की आत हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. आणि वेग? काठावरून कुत्र्याला फिरवणाऱ्या आजीबाईसुद्धा तिला मागे टाकून जातात. अशा होडीत आता आठवडाभर राहा. धरली ना कंबर? हेडली ट्रिंडरचीही धरली होती.

कालव्यातली निवांत सुट्टी ही बायकोची, म्युरिएलची कल्पना. निवांतपणा तिच्या आणि नातीच्या, टॅम्सिनच्या वाट्याला आला. हेडलीच्या वाट्याला आली लॉकं, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून होडी पुढे नेणारे कालव्यातले दरवाजे. प्रत्येक लॉकशी उतरायचं, बरोबरचं सुटं हँडल फिरवून पाणी सोडायचं आणि तो अवजड दरवाजा पाठीने रेटायचा. जेवायला डब्यातले घेवडे. आता तो एकाच आशेवर तग धरून होता. शेवटच्या लॉकपलीकडच्या पबमध्ये रविवारचं जेवण होतं: भाजलेलं मटण, कुरकुरीत बटाटे, वर गरम रस्सा. स्वयंपाकघर दोनला बंद व्हायचं.

लॉक दिसलं, पण अलीकडे एक हिरवी होडी उभी होती. हेडलीने सुस्कारा सोडला आणि आपली होडी तिच्यामागे लावली.

"थांबलास का?" म्युरिएलने विचारलं.

"रांग आहे."

थोड्या वेळाने मागे एक निळी होडी येऊन थांबली. तिच्यामागे आणखी एक. मग आणखी. सगळ्यांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या, पावसाची शक्यता आहे असं म्हटलं आणि चहाला आधण ठेवलं.

"पुढच्यांना विचारू या का, कधी निघणार ते?" टॅम्सिन म्हणाली.

"छे! लोकांना घाई करायची नसते, बाळ. 'पुढचे कोण' अशी हाक आली की मगच जायचं."

"मग चालत जाऊ पबला," म्युरिएल म्हणाली. "माझ्या पोटात कावळे ओरडताहेत."

"आणि होडी रांगेत सोडून? मागचे काय म्हणतील?"

टॅम्सिन काठावर एक फेरी मारून आली. "आजोबा, त्या हिरव्या होडीच्या छपरावर टोमॅटोची कुंडी आहे."

"असेल."

"टोमॅटो पिकलेत. आणि होडी बांधलीय ना, त्या दोरीवर कोळ्याने जाळं केलंय."

"लोकांच्या होडीत डोकावू नये," हेडली म्हणाला. पण त्याने चोरून त्या दोरीकडे एक नजर टाकली.

तेवढ्यात पबच्या बाजूने एक गृहस्थ मिशा पुसत आला आणि हिरव्या होडीवर चढला. रांग पाहून चमकला.

"कशाची रांग हो?"

मागच्या सहा होड्यांवरच्या माना एकदम इकडे वळल्या. हेडलीचे कान लाल झाले. "लॉकची. आज जरा हळू चाललंय."

"अरेरे! मग मी मध्येच घुसलो की काय? मी आपला सोमवारपासून इथेच बांधून आहे." त्याने तृप्तीची ढेकर दिली. "पबला जायचं असेल तर पाय उचला. मटण संपत आलंय." आत जाऊन त्याने पडदा ओढला. लगेच घोरणं ऐकू येऊ लागलं.

"चल की मग!" म्युरिएल कुजबुजली.

"कसा जाऊ? सगळ्यांना कळेल, हा बावळट एका बांधलेल्या होडीमागे उभा राहिला."

"तेही तुझ्यामागे उभे राहिलेच ना?"

"म्हणून तर! त्यांनाही कळेल."

हेडली सुकाणूला टेकून मटकन बसला. मागे कुणीतरी चहात दुसऱ्यांदा साखर ढवळत होतं. हलायला कुणीच तयार नव्हतं.

टॅम्सिनने आजोबांकडे पाहिलं, मग रांगेकडे. तिने लॉकचं हँडल उचललं आणि काठावर उडी मारली. धावत जाऊन ती दरवाजाच्या जाड दांड्यावर चढून उभी राहिली. पोस्टाच्या खिडकीमागच्या बाईंसारखी मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात ओरडली,

"चला, पुढचे कोण?"