तारेपासून पंख्यापर्यंत

विज्ञान दिनाच्या सकाळी राजेश्री मॅडमना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शाळेला वीज. आठवीचा वर्ग पत्र्याखाली भरायचा आणि फेब्रुवारी सरतानाच तो पत्रा पोरांना भाजायला लागायचा. मीटरचा अर्ज वीज कार्यालयात कधीचा झोपला होता. त्याला जाग यावी म्हणून हेडमास्तर दिनकररावांनी तिथल्या साहेबांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. साहेब खूश झाले पाहिजेत, एवढं सांगून त्यांनी सगळं लोढणं मॅडमच्या गळ्यात अडकवलं आणि स्वतः हारतुऱ्यांच्या मागे लागले.

मॅडमकडे युक्ती होती. ऊर्जेचे साठे आणि हस्तांतर हा धडा त्यांनी पुस्तकातून शिकवून पाहिला होता, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनी प्रत्येक पोराला एकेक वस्तू केलं आणि मध्ये एक रबरी चेंडू सोडला. चेंडू म्हणजे ऊर्जा. ज्याच्या हातात चेंडू त्याच्यापाशी साठा, पुढच्याला दिला की हस्तांतर. सूर्याकडून ज्वारीकडे, ज्वारीकडून बैलाकडे चेंडू फिरला आणि वर्गाच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला. मॅडमना स्वतःचं फार कौतुक वाटलं. पाहुणे विजेचे म्हणून कार्यक्रमासाठी त्यांनी कोळसा, टर्बाइन, तार आणि पंखा अशी साखळी बसवली. विज्ञानात खोटं चालत नाही, हे त्यांनी पोरांना इतक्यांदा बजावलं की पोरांना ते खरं वाटलं.

कार्यक्रम सुरू झाला. साहेबांच्या शेजारी उभा पंखा गरगरत होता, समोर माईक होता, मागे पाण्याची बाटली धरून वायरमन रामकिशन उभा होता आणि मांडवात निम्मं गाव होतं. विजेची आजच्यापुरती सोय केलीय, असं हेडमास्तर म्हणाले होते. मॅडमनी खोलात जाऊन विचारलं नव्हतं.

तोंडाला तव्याची काजळी फासून बजरंग कोळसा झाला होता. त्याने चेंडू सुकेशनीला दिला. ती टर्बाइन, म्हणून तिने दोन गिरक्या घेतल्या आणि चेंडू तार झालेल्या रेणुकाच्या हाती दिला. साहेब मान डोलवायला लागले. तेवढ्यात रामकिशनचा अंगद, ज्याला साखळीत कामच नव्हतं, टोकाला वाकडी तार बांधलेला बांबू घेऊन मध्ये घुसला आणि त्याने रेणुकाच्या हातातला चेंडू ओढून घेतला.

"हे कोण आणखी?" साहेबांनी विचारलं.

"मी आकडा," अंगद म्हणाला. "तारेपासून पंख्यापस्तोर मधी गॅप राह्यली होती, साहेब. मॅडमच्या ध्यानात आलं न्हाई."

मांडवात खोकल्याची साथ आली. मीटर गेलं हातचं, हे मॅडमना कळून चुकलं. दिनकररावांनी घाईने उठून आकडा हे एक पुरातन साधन असून केवळ ऐतिहासिक माहितीसाठी दाखवलं आहे, असं जाहीर केलं.

साहेबांनी अंगदला विचारलं, "आणि मीटर कुठं आहे रे?"

"हाय की घरोघर. पन त्याच्यातून ऊर्जा जात न्हाई."

मागच्या रांगांमधले बाप्ये एकेक करून उठले आणि आपापले आकडे काढायला घराकडे पळाले. दिनकररावांनीही शिपायाला डोळा घातला. शिपाई आज्ञाधारक निघाला. पुढच्याच मिनिटाला पंखा थांबला आणि माईकने मान टाकली.

"म्हणजे हा पंखासुद्धा?" साहेबांचा आवाज माईकविनाही शेवटपर्यंत पोचला. "इथला आकडा कोणी टाकला?"

पूर्ण वाक्यात उत्तर द्यायची सवय अंगदला मॅडमनीच लावली होती. "इथला आकडा आमच्या पप्पांनी टाकला. साहेबाचा फोन आलाय, पंख्याचं बघ मनले, असं ते मम्मीला सांगायलते."

रामकिशनने साहेबांसाठी आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

साहेबांनी बराच वेळ घाम पुसला. मग मुलांची निरीक्षणशक्ती वाखाणण्याजोगी असल्याचं सांगून त्यांनी हळूच शाळेच्या अर्जाची चौकशी केली. आठवड्याच्या आत शाळेच्या भिंतीवर मीटर बसलं आणि पत्र्याखाली नवा कोरा पंखा लागला.

एप्रिलात मॅडमनी उजळणी घेतली. या खेपेला अंगद मीटर होता. चेंडू कोळशापासून त्याच्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. अंगद तो पोटाशी धरून बसला. मॅडम म्हणाल्या, "अरे, दे की पुढं पंख्याला."

"कसं देऊ मॅडम? आता बिल यायलंय मनून हेडसर बटन दाबू देत न्हाईत."

मॅडमनी घामेजलेल्या मानेवर पुस्तकाने वारा घेतला. उत्तर बरोबर होतं.