पिंपळशेंड्यात आज निरभ्र

आमच्या बरखेड्यातल्या क्वार्टरच्या फाटकाला एक काळा फळा टांगलेला आहे. त्यावर रोज हवामान लिहिलेलं असतं. पण भोपाळचं नाही, पिंपळशेंड्याचं!

पिंपळशेंडा म्हणजे वर्ध्याच्याही पुढे, मोठा रस्ता सोडून आत गेलेलं चाळीस-पन्नास घरांचं गाव. एक हापशी, एक पार आणि शाळेपाशी वळून परत जाणारी एकच एसटी. हे मला कसं ठाऊक? अहो, आमच्या अख्ख्या ब्लॉकला ठाऊक आहे. इथली पोरं भोपाळच्या तलावाबद्दल दोन वाक्यं बोलायची नाहीत, पण पिंपळशेंड्याच्या विहिरीला चैत्रात किती पाणी असतं ते झोपेत सांगतील. ही सगळी कृपा तळमजल्यावरच्या देवतळेकाकांची.

रोज सकाळी सातला काका गावी फोन लावतात. तिकडून त्यांची थोरली बहीण, माई, बोलते. दोन मिनिटांत काका खडू घेऊन बाहेर. "पिंपळशेंडा. आभाळ निरभ्र. वाळवणास योग्य. नोंद घ्यावी."

"अहो काका, माझे पापड बरखेड्यात वाळायचेत, मी तिकडची नोंद कशाला घेऊ?"

"माहिती असलेली बरी, वहिनी."

दूधवालासुद्धा कॅन उतरवता उतरवता विचारतो, "साब, आज आपके गाँव में धूप है क्या?" आणि काका गंभीरपणे सांगतात, "है. नोट कर लो."

काका कारखान्यात तपासणी विभागात. केसभर फरक दिसला की माल परत! साहेबानं डोळे वटारले तरी सही करायचे नाहीत. हे कारखान्यात ठीक आहे हो, पण दिवाळीला मी मेली हौसेनं चकल्या पाठवल्या, तर डबा परत देताना म्हणाले, "चव उत्तम. पण पाचात एकीचा वेढा सुटतोय. नोंद घ्यावी." काकू जाऊन बरीच वर्षं झाली. जिवंत असत्या तर त्यांनाच विचारलं असतं, बाई, कसा संसार केलात?

म्हणून गेल्या श्रावणात मला आयती संधी मिळाली तेव्हा मी कसली सोडतेय! माझा दीर मुलगी बघायला नेमका पिंपळशेंड्याला गेला आणि पावसानं तीन दिवस तिथंच अडकला. ओढ्याला पूर, एसटी बंद. आणि इकडे फळ्यावर तिन्ही दिवस काय? "आभाळ निरभ्र"!

मी तरातरा खाली गेले. "काका, तुमचा माल नापास! तिकडे धो धो कोसळत होता."

"ठाऊक आहे," काका म्हणाले.

"मग फळ्यावर निरभ्र कशाला?"

"माई पाऊस आहे म्हणाली की मी छपराचं विचारतो. गळतं ते. छपराचं निघालं की म्हणतो, इकडे ये. तसं म्हटलं की ती फोन ठेवते. मागे एकदा आठ दिवस उचललाच नाही. तेव्हापासून मी फक्त हवामान विचारतो. माझ्या जिवाला घोर नको म्हणून ती रोज निरभ्र सांगते." त्यांनी हातातला खडू उगाच पुसला. "आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. माईनं वाढवलं. तिचा शब्द मी कसा खोडू?"

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी फळ्याची थट्टा केली नाही.

पौषात एका सकाळी फळ्यावर एवढंच होतं, "पिंपळशेंडा. ढगाळ." खाली नोंद घ्यावी नाही, काही नाही. काका पिशवी घेऊन निघालेच होते.

"ढगाळ म्हणाली, वहिनी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच." आणि स्टेशनच्या रिक्षात बसले.

चौथ्या दिवशी माईला घेऊन आले. एवढीशी म्हातारी, काकांचा हात धरून पायानं पायरी चाचपत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले.

"दिवाळीत गेलो तेव्हा मला अंदाजानं वाढलं तिनं," काका मला हळूच म्हणाले. "केसभर फरक पकडणारा माणूस मी. मला कळलं नाही हो." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

दुसऱ्या दिवशी मावठ्याचं आभाळ गच्च भरलं होतं. मी खाली दोरीवरचे कपडे भराभर काढत होते. फाटकाशी खुर्चीवर माई शाल गुंडाळून बसली होती. काकांनी विचारलं, "माई, काय म्हणतंय आभाळ?"

तिनं तोंड वर केलं. "निरभ्र आहे रे. तू काळजी करू नकोस."

काकांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं, "बरखेडा. आभाळ निरभ्र. वाळवणास योग्य."

"कोण आहे गं तिकडं?" माईनं विचारलं.

"वरच्या मजल्यावरची, माई," मी म्हणाले. "कपडे वाळत घालतेय."

"घाल बाई, घाल. चांगलं ऊन आहे."

मी हातातले कपडे एकेक करून पुन्हा दोरीवर टाकले. तासाभरात सगळे भिजले. पुन्हा पिळले, त्यात काय मोठंसं!