छत्री मिटण्याचा हुकूम

सनावळी सरांनी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर मूठ आपटली. "यापुढे माझ्या वर्गात पाठ्यपुस्तक उघडणार नाही! इतिहास शिकवायचा तो अस्सल कागदांतून. दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस मुलांसमोर येऊन उभा राहील, बघाच!"

"हजेरीत त्याचं नाव कितव्या नंबरला घालू?" गणिताच्या सरांनी विचारलं.

सगळे फिदीफिदी हसले. सरांना सनावळी हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. ते झोपेत घोरतात तेसुद्धा सनासकट, असं खुद्द त्यांची बायको सांगे. पण आता प्रकरण गळ्याशी आलं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सकाळीच बजावलं होतं, "शुक्रवारी शिक्षणाधिकारी तपासणीला येतायत. तुमच्या तासाला मुलं पेंगताना दिसली, तर इतिहासाचे निम्मे तास गणिताला! मग म्हणू नका, बाईंनी सांगितलं नाही."

सर तडक जुन्या दप्तराच्या कचेरीत गेले. तिथून परक्या अंमलाच्या काळातल्या एका हुकुमाची नक्कल घेऊन आले. अक्षर असं, की जणू शाईत बुडालेल्या मुंग्या कागदावर लंगडत गेल्यात! मुलांना एक ओळ लागेना. मग सरांनी मजकूर स्वच्छ टाइप केला:

'साहेबांची स्वारी येते समयी सर्वांनी छत्री मिटून, मान लववून उभे राहावे. पावसाची सबब चालणार नाही. न मिटल्यास छत्री जप्त होईल. हुकुमावरून.'

सन तेवढा मुद्दाम गाळला. मुलांनी डोकं लढवून ओळखावा म्हणून! सनावळी सरांनी जन्मात पहिल्यांदा सन गाळला, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

छापायला हाताशी शाळेच्या नावाचाच कागद होता. वर्गात प्रती वाटून सर म्हणाले, "तुम्ही रयत. हुकूम वाचा. पटला नाही तर साहेबाला अर्ज लिहा. आणि लक्षात ठेवा, साहेबाच्या हातात पडला तरच तो अर्ज, नाहीतर रद्दी!"

उरलेली एक प्रत ते शिक्षकांच्या खोलीत टेबलावर विसरले.

शिपाईमामांचा नियम साधा होता. टेबलावर शाळेच्या नावाचा कागद दिसला, की ती नोटीस. नोटीस म्हटली, की ती फिरवायची आणि सह्या गोळा करायच्या. शिक्षकांचा नियम त्याहून साधा. सही करायची, वाचण्याचं काम मामांचं!

"काय आहे हो मामा?"

"साहेब आले, की छत्र्या मिटायच्या."

"बरं." झाली सही!

मोठ्या बाईंनी फोनवर बोलता बोलता सही केली. सनावळी सर त्या वेळी पेपर तपासत होते. त्यांनी मान वर न करता लाल शाईने सही ठोकली, आणि हाताच्या सवयीने पुढे शेरा मारला, 'ठीक. अजून प्रयत्न हवा.'

शुक्रवारी पाऊस असा कोसळत होता, की बेडकांनीही आडोसा शोधावा. सर धापा टाकत फाटकात शिरले आणि थबकलेच. सगळे शिक्षक ओळीने उभे, काखेत मिटलेल्या छत्र्या, अंगावरून धबधबे!

"अहो, छत्री मिटा!" गणिताचे सर दात कडकडवत म्हणाले. "नोटीस आहे. तुमचीही सही आहे तिच्यावर."

"असं होय?" म्हणत सरांनी मुकाट छत्री मिटली. नोटीस म्हणजे नोटीस!

तेवढ्यात गाडी आली. शिक्षणाधिकारी छत्री उघडून उतरले आणि ती भिजलेली, खाली माना घातलेली रांग बघून दबक्या आवाजात म्हणाले, "अरेरे! कोण गेलं?"

"कोणी नाही, साहेब," मोठ्या बाई नाकावरचं पाणी पुसत म्हणाल्या. "आपण आलात!"

इतक्यात वर्गातून सरांची सगळी पलटण बाहेर पडली. प्रत्येकाच्या डोक्यावर छत्री, तीही उघडी! "आम्ही रयत! छत्री मिटणार नाही!" पुढे होऊन दोन वेण्यांच्या मुलीने खणखणीत आवाजात अर्ज वाचला.

"मायबाप सरकार, पाऊस आपल्यावर पडतो तसाच आमच्यावरही पडतो. आपण स्वतः छत्री वापरता, त्याअर्थी पाऊस ओला असतो हे आपणास ठाऊक आहे. तरी हुकूम मागे घ्यावा. कळावे." आणि अर्ज साहेबांच्या हातात!

"असला हुकूम काढला कोणी?" साहेब गरजले.

"वरून आला असेल, साहेब," बाई म्हणाल्या.

मामांनी नोटीस पुढे केली. "वर तर तुमचीच सही दिसतेय, बाई!"

सरांनी मान लांब करून कागद पाहिला, आणि डोळे चोळून पुन्हा पाहिला. हा तर आपलाच हुकूम! गेले तास गणिताच्या घशात!

"यांचं काम हे!" गणिताच्या सरांनी आनंदाने बोट दाखवलं.

"हो, माझंच," सर डोळे मिटून म्हणाले. "दोनशे वर्षांपूर्वीचा हुकूम आहे, साहेब. मुलांच्या अभ्यासासाठी…"

"म्हणजे सगळे शिक्षक न वाचता भिजले, आणि वाचून अर्ज केला तो एवढ्या एका वर्गाने?"

"सर," वेणीवाली मध्येच म्हणाली, "तुम्ही नाटक काय भारी बसवलंत! मोठ्या बाई तर खऱ्याखुऱ्या भिजल्या!"

साहेब इतके हसले, इतके हसले, की वाऱ्याने त्यांची छत्री उलटी झाली तरी त्यांना पत्ता नाही. "इतिहासाचे तास दुप्पट करा!" त्यांनी तिथेच फर्मावलं. "आणि बाई, तो हुकूम आधी रद्द करा."

बाईंनी ओल्या हाताने 'रद्द' लिहिलं. परकं सरकार केव्हाच चंबूगबाळं आवरून गेलं होतं; त्याचा हुकूम मोडीत निघाला तो त्या शुक्रवारी, या पोरांच्या अर्जाने! मुलांनी जल्लोष केला. सरांना खांद्यावर घ्यायला गेली, पण ते उचलवेनात, म्हणून ढकलत ढकलत वर्गापर्यंत मिरवलं. सरांची छाती अशी फुगली, की ओल्या सदऱ्याचं वरचं बटण तटकन उडालं!

सोमवारी इतिहासाचा पहिला जादा तास. सर मात्र घरी, गरम पाण्यात पाय सोडून, नाक टोमॅटोसारखं लाल.

"हातात छत्री असून भिजलात!" बायको म्हणाली. "आणि म्हणे इतिहासातून धडा घ्या!"

सरांनी शिंका आवरत मामांना फोन लावला. "मामा, माझ्या तासावर कोण गेलंय?"

"गणिताचे सर. फळ्यावर मांडलंय त्यांनी, एका छत्रीखाली चार रयत, तर सत्तर छत्र्यांखाली किती?"