तुना इमा शे का?

धुळ्याला देवपुरातल्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की लोक त्याला गाव विचारत, आडनाव विचारत. आत्माराम नाना मात्र सामान टेम्पोतून उतरत असतानाच विचारत, "तुना इमा शे का?"

नवा माणूस गांगरायचा. त्याला वाटायचं, हा विम्याचा एजंट. तो घाईघाईने म्हणायचा, "काढलाय हो, काढलाय."

"तो मराना इमा. मी जगाना इमा इचारी राहिनू. तुले ताप उना तर कोन दखी?"

एवढं बोलून नाना त्याची गादी उचलून आत नेऊन ठेवत.

नाना गिरणीतून निवृत्त झालेले. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. उंच, काटक, आवाज भोंग्यासारखा. गिरणीत होते तोवर कामगार विम्याच्या दवाखान्यात औषध फुकट मिळे. निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात गुडघा धरला. सवयीने दवाखान्यात गेले, तर तिथे कळलं, आता तुम्ही कामगार नाही. नाना तसेच लंगडत परत आले ते संतापूनच.

"मी जवान व्हतू, साधी शिंक येत नव्हती, तवय गोया फुकट. आते गुडघा दुखस, तर म्हने तू आमना नही! अरे, छत्री पावसाळामा काढी लेतस का?"

त्या दिवसापासून नानांचं एकच मागणं. सरकारने बठ्ठ्यांना, म्हणजे सगळ्यांना, विमा द्यावा. कामगार असो नसो, म्हातारा असो, बाळंतीण असो, बठ्ठ्यांना. गल्लीने त्यांना 'आरोग्यमंत्री' हे पद देऊन टाकलं. खऱ्या मंत्र्यांची खाती बदलत, नानांचं कधी बदललं नाही.

शिंदखेड्याला एका लग्नात नानांनी अक्षता टाकल्या आणि स्टेजवर जाऊन नवरदेवाचा हात धरला. मागे आहेर घेऊन आलेल्यांची रांग. नाना म्हणाले, "तू सरकारी नोकर, तुनं ठीक शे. आजपासून ही बी त्यामा उनी. पन हिना बापनं काय?" नवरीचा बाप शेजारीच उभा. त्याला आधी वाटलं, हुंड्याचं काही राहिलं. बिचारा पांढराफटक पडला. प्रकरण निवळेपर्यंत पंगतीतली जिलबी गार झाली.

एकदा एक मंत्री विश्रामगृहावर आले. नाना हार घेऊन गेले. हार गळ्यात घातला, पण दोन्ही टोकं सोडली नाहीत. "साहेब, बठ्ठ्यांना इमा."

"हार सोडा," सोबतचा साहेब कुजबुजला.

"पहिले हो म्हना."

मंत्री हसत म्हणाले, "विचार करू." नाना घरी आले ते छाती पुढे काढून. आठवडाभर सांगत होते, "सरकार इचार करी राहिनं."

सरकारचा विचार होईपर्यंत नानांनी गल्लीची योजना काढली. कोणी आजारी पडला की एका घराने डबा द्यायचा, एकाने रिक्षा आणायची, एकाने उशाशी बसायचं. पैशाचा संबंध नाही. पहिली लाभार्थी माझी बायको. तिचा पाय मुरगळला आणि दुपारपर्यंत तीन घरांतून वांग्याचं भरीत आलं. पुढे भरिताच्या हंगामात आमच्या गल्लीत सर्दी-पडशाचं प्रमाण एकदम वाढलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठजींना तर दर शनिवारी कणकण यायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारने खरोखर योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसांची हृदयाची, मेंदूची मोठी ऑपरेशनं सरकारच्या खर्चाने होणार. मी पेपर घेऊन नानांकडे धावलो. वाटलं, पेढे वाटतील. नाना तडक तहसील कचेरीत.

"ती रेघ कोठून जास? आमनी गल्लीमाईन जास का?"

"नाना, ती कागदावर असते," कारकून म्हणाला.

"मंग रोगले कोन सांगस, का रेघना वर जाऊ नको?"

रेघ आमच्या गल्लीतून जात होती. तिच्याखाली एकच घर आलं, इस्त्रीवाल्या इंदूअक्कांचं. नवरा वारलेला, एक भाऊ बोदवडला. त्याच हिवाळ्यात अक्कांना चार पावलं चालली की धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन मुंबईला होईल. नानांनी सगळे दाखले मिळवले. पण अक्का जायला तयार होईनात. भावाने निरोप पाठवला होता, कापूस वेचणीला आलाय, सवडीने येतो.

"मुंबईत मना कोन शे नाना? मरू द्या आठेच."

सरकारने ऑपरेशन दिलं होतं, उशाशी बसायला माणूस दिला नव्हता. नानांनी पिशवीत दोन धोतरं भरली. "चाल," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्यांना परत आणायला मी रजा काढून मुंबईला गेलो. वॉर्डच्या बाहेर बाकावर नाना बसले होते. पाठ माझ्याकडे. एक वयस्क नर्स त्यांच्याशी बोलत होती, आणि नाना खास मुंबईसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध भाषेत उत्तरं देत होते.

"बाबा, घरी कोण कोण असतं?"

"भरलं घर आहे बाई. ही आत आहे ती बहीण. थोरल्याचं किराणाचं दुकान. धाकटा कॉलेजात कारकून. जरा आळशी आहे, पण मनाचा चांगला. सुना जेवल्याशिवाय उठू देत नाहीत."

कॉलेजात कारकून मीच होतो. थोरला म्हणजे शेठजी, नानांहून फार तर सहा वर्षांनी लहान.

मी मागे सरणार होतो, पण नर्सचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही कोण?"

नानांनी वळून पाहिलं. धोतराचा सोगा उगाच गुडघ्यावर सारखा करू लागले.

"मी धाकटा," मी म्हणालो.

"मग वडिलांना जरा समजवा. आल्यापासून धड झोपले नाहीत. बहिणीच्या उशाशी रात्रंदिवस बसून असतात."

"काय सांगू सिस्टर," मी नानांच्या शेजारी बसत म्हणालो, "घरीसुद्धा कोणाचं ऐकत नाहीत."

थोड्या वेळाने नानांचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं आणि बसल्या जागी ते घोरू लागले.