घागकाकांच्या कमरेची किल्ली

घागकाकांनी पहिल्याच भेटीत माझी कॉलर धरली. भांडायला नव्हे. त्यांनी कॉलर मागून उलटी केली, आतली चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "टेरिकॉट. काढा."

समोर रिसेप्शनवर वसईची ब्लँच बसलेली. नोकरीचा पहिला दिवस म्हणून मी करामाच्या बाजारातून नवा शर्ट घेतला होता, पंचवीस दिरहॅमचा, म्हणजे आपले जवळजवळ अडीचशे रुपये. आणि हा पन्नाशी उलटलेला, बुटका, सुती खाकीतला गृहस्थ मला बाईमाणसासमोर उघडा व्हायला सांगतोय. मी गारच झालो. ब्लँचने मान वर न करता ड्रॉवरमधून एक सुती सदरा काढला आणि पुढे सरकवला. "घ्या. इथे सगळ्यांचा निघतो," ती म्हणाली.

ही शहाण्णव सालची गोष्ट. जबल अलीच्या पलीकडे वाळूत एक नेमबाजीचा क्लब होता. मेंबर लोक मातीच्या उडत्या तबकड्या फोडायचे आणि त्यांची रिकामी काडतुसं आम्ही पुन्हा भरायचो. त्यासाठी लागणाऱ्या बंदुकीच्या दारूचं कोठार घागकाकांच्या ताब्यात होतं आणि मी त्यांचा असिस्टंट. काका मूळचे चिपळूणकडचे. देशात दारूगोळ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं काढून इथे आलेले. बावीस वर्षांत बोटं दहाच्या दहा शाबूत, ही त्यांची एकमेव डिग्री. कोणाशी ओळख करून देताना ते आधी दोन्ही पंजे दाखवत.

भरणीच्या खोलीच्या दाराशी तांब्याची पट्टी होती. आत जाताना तिच्यावर तळवा टेकवायचा, म्हणजे टेरिकॉटसारख्या कपड्याने अंगात साठलेली वीज जमिनीत जाते. इथवर ठीक आहे. पण काकांना ती सवय जडली होती. बाहेरसुद्धा कोणाला हात लावायच्या आधी ते एखादं लोखंड शोधत. एकदा क्लबचे मालक, मोठे शेख, स्वतः हात पुढे करून उभे, आणि आमचे काका आधी जाऊन दाराची कडी धरून आले. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. या इजिप्शियन मॅनेजरला आम्ही मुदीर म्हणत असू. काका शांतपणे म्हणाले, "साब, आपका भला इसीमें है." शेख हसले म्हणून निभावलं.

या मुदीरचं आणि काकांचं रोज वाजायचं. स्पर्धा जवळ आली की तो दारात उभा राहून "यल्ला घाग, यल्ला" करायचा, म्हणजे चल, आटप. काका तराजूवरून नजर न काढता म्हणत, "पावडर को यल्ला समझता नहीं." दारूला ते नेहमी पावडर म्हणत. टेबलावर एका वेळी एकच पावडर. काडतुसं भरायच्या यंत्रात ओतली की डबा लगेच कोठारात, कोठाराला कुलूप, आणि किल्ली काकांच्या कमरेच्या दोऱ्याला. "एका वेळी एकच," हा त्यांचा मंत्र जेवतानाही चाले. भाजी वाढून घेतली की डबा बंद, मगच आमटीचा उघडायचा. मी एकदा चुकून दोन्ही झाकणं एकदम काढली, तर ते ताटावरून उठले.

क्लबने आम्हा दोघांना मिळून एक क्वार्टर दिलं होतं. दोन खोल्या आणि मध्ये स्वयंपाकघर. तिथे तर माझी पार दैना. गणपतीच्या दिवसांत ब्लँच मोदक खायला आली, तेव्हा काका आरती संपेपर्यंत निरांजनाशेजारी पाण्याची बादली घेऊन बसले होते. ब्लँच म्हणाली, "काका, टाळ्या तरी वाजवा." तर म्हणाले, "हात रिकामे पाहिजेत."

पण खरा धक्का बसला तो मेतकुटाचा. सुनंदाने, माझ्या बायकोने, गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर मेतकूट पाठवलं होतं. आपल्याकडे पाठवतात तसंच, कॉफीच्या रिकाम्या बाटलीत. संध्याकाळी बघतो तर बाटली केराच्या पिशवीत. माझं डोकंच फिरलं.

"अहो, मेतकूट होतं ते. विचारायचं तरी."

"लेबल कॉफीचं आहे."

"मला माहीत होतं ना आत काय आहे!"

"सगळे तेच म्हणतात," काका म्हणाले. "पावडरला तोंड नसतं. लेबल बोलेल तेवढंच खरं."

रिकाम्या डब्याचंही तेच. डबा संपला की त्याचं लेबल ते ब्लेडने खरवडून काढत. रिकाम्यावर नाव राहिलं की कोणीतरी विश्वास ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. चहाचा डबा असो की साबणाचा पुडा, सुटका नाही. मी सुनंदाला पत्रात लिहिलं की माझ्याबरोबर एक वेडा राहतो.

असं असताना मी जे केलं, त्याला काय म्हणावं?

गुरुवारची दुपार होती. काकांची दाढ सुजून गाल भोपळ्यासारखा झालेला. मुदीरने त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं, "यल्ला, डॉक्टर, खलास." काका गेले आणि त्यांच्याबरोबर कमरेची किल्लीही गेली. इकडे यंत्राच्या भांड्यात अर्धा किलो पावडर उरलेली. काम संपल्यावर यंत्रात दाणाही ठेवायचा नाही, हा नियम. पावडर आपल्या मूळ डब्यातच परत जायला हवी, हाही नियम. पण डबा कोठारात आणि कोठाराला कुलूप.

बाहेर आमच्या जेवायच्या जागेच्या खिडकीत सुनंदाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. रिकामी, तीन पाण्यांनी धुतलेली, उन्हात खडखडीत वाळवलेली. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची. इतकी चांगली बरणी आपल्याकडे कोणी टाकत नाही. मी पावडर तिच्यात भरली, झाकण लावलं, बरणी यंत्राशेजारी ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो. काका कण्हत पडले होते. मी फोन करायला बाहेर गेलो, कारण सुनंदाच्या आणि आमच्या चार वर्षांच्या मुलीच्या व्हिसाचे कागद त्याच आठवड्यात पुढे गेले होते. दोन वर्षांनी मी त्यांना बघणार होतो. बरणी डोक्यातून साफ गेली.

शुक्रवारची सुटी संपून शनिवारी सकाळी कामावर आलो, तर काका बरणीसमोर उभे होते. हात लावत नव्हते, नुसते बघत होते.

"हे काय?"

मी सांगितलं.

"कुठली पावडर? गुरुवारी दोन चालवल्या आपण."

"मंद जळणारी. नक्की."

दोन्ही दिसायला सारख्याच करड्या. मंदच्या जागी जलद भरली तर बंदूक हातात फुटते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"नक्की?" काका म्हणाले. "मग ह्यातली भरून देतो. तुमच्या मुलीच्या हातात बंदूक द्याल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी अग्निशमन दलाच्या माणसाला बोलावलं, त्याच्यासमोर पावडर रीतसर नष्ट करवली आणि रजिस्टर उघडून लिहायला बसले. मला माहीत होतं काय होणार. आदल्या वर्षी खिशात लायटर सापडलेल्या माणसाबद्दल काकांनी अशीच एक ओळ लिहिली होती, आणि आठवड्यात तो विमानात होता. माझी नोकरी गेली की व्हिसाचे कागदही गेले. ब्लँचने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

मुदीरने दोघांनाही आत बोलावलं. रजिस्टर हातात धरून त्याने मोठ्याने वाचलं. काकांचं इंग्रजी सरळसोट असे. पहिली ओळ अशी होती, की किल्ली एकच आणि ती घेऊन घाग बाहेर गेला, म्हणून पावडरला परत जायला जागा राहिली नाही. चूक घागची. दुसरी ओळ अशी, की असिस्टंटने पावडर लेबल नसलेल्या बरणीत भरली. चूक असिस्टंटची, पण नंतरची.

मी काकांकडे बघतच राहिलो. मुदीरही बघत होता. इतक्या वर्षांत घागने स्वतःविरुद्ध काही लिहिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. मला लेखी ताकीद मिळाली. काकांची त्या वर्षीची गावची रजा रद्द झाली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काका, माझ्यासाठी कशाला..."

"तुमच्यासाठी काही नाही. खरं ते लिहिलं. आधी किल्ली, मग बरणी. क्रम चुकवता येत नाही."

"पण रजा गेली की."

"जाऊन कोणाकडे उतरणार होतो?" काका म्हणाले आणि तांब्याच्या पट्टीवर तळवा टेकवून आत गेले. मला फार लाज वाटली. दोन वर्षं एका भिंतीपलीकडे राहून हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

दोन महिन्यांनी सुनंदा आणि पोरगी आल्या. आम्हाला वेगळं घर मिळालं. सुनंदाने पहिल्याच आठवड्यात कैरीचं लोणचं घातलं आणि आम्ही ते काकांना द्यायला जुन्या क्वार्टरवर गेलो. काकांच्या खोलीत मी तेव्हा प्रथमच पाऊल टाकलं. एक खाट, एक स्टूल आणि भिंतीतल्या फळीवर एकच बरणी. तिच्यावर पिवळा पडलेला कागद, बायकी अक्षरात लिहिलेलं: कैरीचं लोणचं, यांच्यासाठी. आत काही नव्हतं. तळाला तेलाचा डागसुद्धा नाही.

मी हबकलो. साबणाच्या पुड्यालाही न सोडणारा माणूस, आणि त्याच्या उशाशी रिकामी बरणी, लेबलासकट.

सुनंदाला यातलं काय माहीत? तिने बरणी खाली घेतली. "भावोजी, ह्यातच काढून ठेवू का?"

काकांनी ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली. "त्यात नको, वहिनी," ते म्हणाले. "ती भरलेली आहे."

काकांनी बरणी फळीवर ठेवली, लेबल पुढे येईल अशी फिरवली, पुन्हा फिरवली. मी पुढे झालो. आधी खाटेच्या लोखंडी पायाला तळवा टेकवला आणि मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.