छपराचा दाखला आणि मध्ये मी

“अहो, गळतंय हो!”

स्वयंपाकघरातून बायको हाक मारायची आणि मी पातेलं घेऊन धावायचो. ती गेली, हाक गेली; गळायचं तेवढं राहिलं. म्हणून यंदा छप्परच नवं घातलं! लेकीला फोनवर ठणकावलं, “छप्पर पास झाल्याचा दाखला आठवड्यात आणतो की नाही बघ!”

अट तिचीच होती. नातीला दमा, घरातली ओल सोसत नाही. दाखला दिसला की सुट्टीत दोघी येणार.

“बाबा, एकटे कंटाळत नाही ना?”

“एकटा? अगं, माणसांची नुसती वर्दळ! चहा करून हात दुखतात माझे!”

नगरपालिकेचे तपासनीस आले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं कात्रीसारखं.

“कौलांखाली पाणी अडवणारा कागद घातलाय?”

“घातलाय म्हणजे काय! राजवाड्यातल्या गालिच्यासारखा अंथरलाय!”

“कौलं चढवण्याआधीचे फोटो दाखवा.”

मी ऐटीत मोबाइल पुढं केला. पहिल्या फोटोत मी हसतोय. दुसऱ्यात मी, कमरेवर हात. तिसऱ्यात मी आणि मिस्त्रीचा अर्धा कान.

“काका, छप्पर कुठंय?”

“हे काय, माझ्या मागं!”

“तुमच्या मागं आभाळसुद्धा दिसत नाहीये!”

काय करणार? मिस्त्री दिसला की म्हणायचो, “काढ की एक माझा!” बायको गेल्यापासून माझा फोटो काढणारं कुणी उरलं नव्हतं.

“कडेची चार कौलं उचला, खालच्या कागदाचा फोटो पाठवा,” तपासनीस उठले. “आणि काका, त्यात तुम्ही नको!” चहाला थांबा म्हटलं, तर थांबलेही नाहीत.

मिस्त्रीला फोन लावला. काम संपल्यावर मिस्त्रीचा फोन लागलाय कधी? शेवटी स्वतःच शिडी लावली. चढलो, एक कौल उचललं, ते हातातून सटकलं, शिडीवर आदळलं आणि दोन्ही जोडीनं अंगणात गेली! तरी नेटानं फोटो काढला. त्यात कागद कुठला, माझा अंगठा! भोपळ्याएवढा!

रस्त्यानं एक गृहस्थ चालले होते. मी दोन्ही हात हलवून ओरडलो, “अहो! अहो!”

त्यांनीही हात हलवला. “झकास झालंय हो छप्पर!” म्हणाले आणि गेले.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल.

“बाबा, मागं झाडाचा शेंडा कसा दिसतोय?”

“हवा खातोय.”

“कौलांवर बसून? शिडी कुठंय?”

“खाली. जरा आडवी झालीय.”

“अहो, मग घरातल्या कुणाला तरी हाक मारा ना! एवढी वर्दळ असते ना?”

मी खाली पाहिलं. दार सताड उघडं होतं. आत टेबल, टेबलावर एक कप, टेबलाला एक खुर्ची. वारा आत जात होता, बाहेर येत होता. त्याला कुणी ये म्हणत नव्हतं, कुणी जा म्हणत नव्हतं.

“बाबा? ऐकू येतंय ना?”

“कुणी नाहीये गं घरात.”

“कधी येतील?”

“कुणीच येत नाही. ती वर्दळ मी आपली... तुला घोर नको म्हणून.” मी मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. “आधी कुणाला तरी शिडी लावायला सांग. दाखल्याचं काही खरं नाही, पण छप्पर गळत नाही, शप्पथ! तू ये गं. मला एकट्याला करमत नाही.”